नाणी कोणाची, मत कोणाचं: नॉमिक खेळणाऱ्यांचे प्रश्न

नॉमिकबद्दल आलेली पत्रं एका बैठकीत वाचून काढली. खेळ कसा खेळायचा, हे फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांचं दुखणं पुढचं आहे: खेळात नाणी, कर, बक्षिसं आली आणि टेबलावर धुसफूस सुरू झाली. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. तत्त्वज्ञानाचे अमेरिकन प्राध्यापक पीटर सूबर यांनी हा खेळ रचला. डग्लस हॉफस्टॅटर यांच्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरातून जून १९८२ मध्ये तो लोकांपुढे आला. आपल्या पाळीला एक नियमबदल सुचवायचा, त्यावर मतदान घ्यायचं, मग फासा टाकायचा आणि पडेल तेवढे गुण घ्यायचे. ज्याचे १०० गुण आधी होतील तो जिंकला. सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ अढळ, २०१ ते २१३ बदलते. पहिल्या दोन फेऱ्यांत प्रस्तावाला एकमत लागतं, त्यानंतर साधं बहुमत पुरतं. नाणी, बाजार, कर यांतलं मूळ नियमांत काहीच नाही. ते सगळं खेळणारे आपणहून आणतात.

प्रश्न: आम्ही पाच जण खेळतो. प्रत्येकाला आपल्या पाळीला पाच नाणी मिळतात आणि वीस नाण्यांत एक जादा मत विकत घेता येतं. दोघांनी इतकी मतं जमवली आहेत की आम्हा तिघांचं काहीच चालत नाही. ‘ज्याच्याकडे ५० पेक्षा जास्त नाणी आहेत त्याची निम्मी काढून घ्यावीत’ असा प्रस्ताव मांडला, तर ते १०७ दाखवतात: नियम मागच्या काळाला लावता येत नाही. न्याय कोणाच्या बाजूने आहे?

उत्तर: १०७ चा आधार त्यांना मिळत नाही. तो नियम एवढंच सांगतो की मतदान पूर्ण होण्याआधीच्या काळाला कोणताही बदल लागू होणार नाही. आज हातात असलेल्या शिलकेतून आजपासून कपात करणं म्हणजे मागे जाणं नव्हे. ‘तिसऱ्या फेरीत मिळालेली नाणी मिळालीच नव्हती असं धरावं’ असं तुम्ही लिहिलं असतं, तर ते मागे जाणं झालं असतं.

पण त्यांच्या रागात तथ्य आहे. तेव्हाचे नियम पाळून त्यांनी नाणी साठवली, आणि रातोरात त्यांचा निम्मा साठा जावा असं तुम्ही म्हणताय. त्यातून तुमच्या प्रस्तावाचं गणितही चुकतंय. ४९ नाणी असलेल्याची ४९ राहतात आणि ५२ असलेला २६ वर येतो. मग ५२ वाला काय करील? दोन नाणी कुठेतरी उधळून ५० वर येऊन बसेल आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही. कपात करायचीच असेल तर ५० च्या वर जेवढी आहेत तेवढ्यांतलीच निम्मी घ्या. ५२ ची ५१ होतील, ९० ची ७०. आणि नियमाच्या मजकुरातच लिहा की कपात पुढची पूर्ण फेरी संपल्यावर सुरू होईल. २०५ प्रमाणे मंजूर नियम मतदान संपताक्षणी लागू होतो, त्यामुळे मुदत हवी असेल तर ती नियमाच्या पोटातच घालावी लागते. मधल्या फेरीत त्यांना खर्च करू दे, देवघेव करू दे. ज्याचं जाणार आहे त्याला तयारीला वेळ देणं हा माझ्या मते न्यायाचा अर्धा भाग आहे.

तरीही हे सगळं वरवरचं झालं. तुमच्याकडचं खरं बिघडलेलं कलम नाण्यांचं नाही, मताचं आहे. प्रत्येक खेळाडूला नेहमी एकच मत, हा मूळचा २०७. तो बदलत्या नियमांत आहे, म्हणजे तो बदलण्याची मुभा आहेच. पण मत विकत मिळू लागलं, की पैशाचे नियम पैसाच लिहू लागतो. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

आमच्या गटात याचीच दुसरी तऱ्हा झाली होती. ३१४ क्रमांकाचा नियम आला: एका मतदानापुरतं आपलं मत नाणी घेऊन दुसऱ्याला भाड्याने देता येईल. मांडणाऱ्याचा हेतू चांगला होता, मागे पडलेल्याला मिळकतीचं एक साधन मिळावं. तसं ते मिळालंही. एकेक मत तीन-तीन नाण्यांना जाऊ लागलं. मग एका पाळीला अशाच भाड्याच्या मतांवर एक प्रस्ताव मंजूर झाला: यापुढे मताचं भाडं एक नाणं, त्याहून जास्त कोणी मागायचं नाही. ज्यांनी मतं भाड्याने दिली होती त्यांचंच भाडं त्यांच्याच मतांनी उतरवलं. आमच्यात सगळ्यांत मागे असलेला खेळाडू त्यावर भांडला नाही. २०१ प्रमाणे पाळी सोडता येत नाही, म्हणून तो प्रस्ताव मांडत राहिला. पण त्यानंतर त्याचे प्रस्ताव ‘अमुक नियमात “आणि” च्या जागी “व” घालावा’ असे असत. तो बसायचा, मत द्यायचा, फासा टाकायचा. खेळणं त्याने सोडून दिलं होतं. मला तो चेहरा विसरता येत नाही, आणि म्हणूनच या प्रश्नावर माझं मत इतकं ठाम आहे: खेळात काहीही विकायला ठेवा, पण मत, प्रस्ताव मांडण्याचा हक्क आणि पंचाची जागा या तीन गोष्टी बाजारात आणू नका.

आता यातून सुटायचं कसं? त्या दोघांना हरवून सुटता येणार नाही, कारण बहुमत त्यांचं आहे. पण त्यांना जिंकायचं असेल तर गुण लागतात, नाणी नव्हे. जिंकणं म्हणजे ठरावीक गुण गाठणं, हे अढळ ११२ ने बांधून ठेवलं आहे. गुण किती आणि ते कसे मिळवायचे हे मात्र बदलता येतं. तेव्हा जादा मतं परत घ्या आणि त्या बदल्यात गुण द्या. दर मतामागे समजा आठ गुण. त्यांना ही देवघेव फायद्याची वाटेल, कारण फाशाने सरासरी साडेतीनच गुण मिळतात. तुम्हा तिघांना वाटेल की आपण त्यांना विजयाकडे ढकलतोय. ढकलताच आहात. तरी मी ही किंमत मोजीन. एखादा डाव त्यांनी जिंकला तरी चालेल, पाचही मतं पुन्हा सारखी झाली पाहिजेत. एकेक मत परत आल्यावर ‘मत कोणत्याही चलनात विकत घेता येणार नाही’ एवढं वाक्य २०७ मध्ये घाला आणि पुढच्या पाळीला तो नियम अढळ करण्याचा प्रस्ताव मांडा. त्याला साधं बहुमत पुरतं, पण एकदा अढळ झालेला नियम पुन्हा बदलता करायला १०९ प्रमाणे सगळ्यांचं एकमत लागतं, म्हणून त्याची बोलणी देवघेव ठरतानाच, एकाच सौद्यात उरका.

फक्त, इथे सांभाळा. २१० प्रमाणे पुढच्या नियमबदलांबद्दल आपसात संगनमत करायला, सल्लामसलत करायला बंदी आहे. एका संघात असलेल्यांनाच ती मोकळीक आहे. टेबलावर बसून असा सौदा ठरवायचा असेल तर आधी २१० सैल करणारा प्रस्ताव मांडा. ते मोकळेपणाने करता येतं, आणि त्या दोघांनाही ते सोयीचंच आहे.

राहिला नाण्यांचा प्रश्न. दर पाळीला पाच नाणी येतात आणि जादा मतांखेरीज ती खर्चायला जागा नाही. मतविक्री बंद झाली की साठा नुसता वाढत जाईल आणि नाण्याला किंमत उरणार नाही. नाणी बाहेर जायला वाट हवी. मला आवडणारी वाट अशी: २०६ प्रमाणे प्रस्ताव पडला की मांडणाऱ्याचे दहा गुण जातात, त्या दंडापासूनचा विमा नाणी देऊन घेता यावा. विम्याचा हप्ता सगळ्यांना सारखा ठेवू नका, आपल्या शिलकेचा पाचवा हिस्सा ठेवा. ज्याच्याकडे दहा आहेत तो दोन देईल, ज्याच्याकडे साठ आहेत तो बारा. दर पाळीला विमा घेणाऱ्याची शिल्लक पंचविसाच्या आसपास येऊन थांबते, कारण पंचविसाचा पाचवा हिस्सा पाच आणि मिळकतही पाचच. कोणाच्या खिशात हात घालावा लागत नाही, कोणाला श्रीमंत ठरवून शिक्षा करावी लागत नाही. आणि मागे पडलेल्या माणसाला दोन नाण्यांत निर्धास्तपणे धाडसी प्रस्ताव मांडता येतो. मला तर या विम्यातली हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

प्रश्न: बहुमत सुरू झाल्यापासून २०४ मुळे खेळ बिघडलाय. मंजूर प्रस्तावाच्या विरोधात मत दिलं की दहा गुण मिळतात, म्हणून प्रस्ताव पटला तरी लोक विरोधात जातात. आमच्याकडे मतं क्रमाने, मोठ्याने सांगतात. २०४ रद्दच करावा का?

उत्तर: कृपा करून रद्द करू नका. मूळ २९ नियमांत हरलेल्या बाजूची भरपाई करणारा हाच एक नियम आहे. एकमत असेपर्यंत तुमच्या मनाविरुद्ध नियम होऊच शकत नव्हता. बहुमत आल्यावर तो होऊ शकतो, आणि ज्याच्यावर तो लादला गेला त्याच्या पदरात दहा गुण पडतात. या खेळातला न्याय आणि व्यवहार मला इतक्या जवळ आलेले दुसरीकडे कुठेही दिसले नाहीत.

बिघडलंय ते रकमेत आणि मतं सांगण्याच्या पद्धतीत. पाच खेळाडू धरा. प्रस्ताव मांडणारा आणि आणखी दोघे बाजूने आले की काम झालं. उरलेल्या दोघांना दहा-दहा. म्हणजे ज्याने डोकं चालवून नियम रचला त्याला फाशाचे सरासरी साडेतीन, आणि ज्याने नुसतं ‘नाही’ म्हटलं त्याला जवळजवळ तीन पाळ्यांची कमाई. एका पाळीत टेबलावर साडेतेवीस गुण येतात, त्यांतले वीस नकाराचे. त्यात मतं क्रमाने आणि मोठ्याने! तीन होकार झालेले ऐकले की मागे राहिलेल्यांना काहीच जोखीम नाही. त्यांनी विरोध केला तरी प्रस्ताव मंजूरच आहे. अशा वेळी ‘नाही’ म्हणजे मत उरत नाही, ते उचललेलं बक्षीस होतं. त्यामुळे शेवटी मत द्यायला मिळणं हाच एक हक्क होऊन बसतो, आणि तो कोणाला मिळेल हे बसण्याच्या जागेवर ठरतं. आहे का हा न्याय?

चौघांच्या टेबलावर तर अजून ताण येतो. तिथे मंजुरीला तीन मतं लागतात, म्हणजे विरोधाचं बक्षीस एकालाच. दोघांना एकाच वेळी मोह झाला की दोन विरुद्ध दोन होऊन प्रस्ताव पडतो, विरोधकांना काही मिळत नाही आणि मांडणाऱ्याचे दहा जातात. चांगले प्रस्ताव असे पडलेले पाहिले आहेत मी.

दोन दुरुस्त्या करा. पहिली: मतं चिठ्ठीवर लिहून एकदम उघडायची. मग ज्याला प्रस्ताव हवा आहे त्याला विरोध करताना विचार करावा लागेल, कारण आपल्यामुळे तो पडलाच तर प्रस्तावही गेला आणि बक्षीसही. दुसरी: प्रत्येकाला दहा देण्याऐवजी सगळ्या विरोधकांत मिळून दहा वाटा. दोघे असतील तर पाच-पाच. एकटा पडलेल्याला मात्र पूर्ण दहा. एकट्याने विरोध करणाऱ्याची भरपाई जास्त असावी हे मला मनापासून पटतं, कारण ज्या नियमाचा जाच एकालाच होतो तो नियम बहुधा त्याच्याकडे बघूनच लिहिलेला असतो.

प्रश्न: आमच्या ३०५ व्या नियमात शेवटच्या स्थानावरच्या खेळाडूला कर माफ होता. आम्ही दुरुस्ती करून ‘शेवटच्या दोघांना’ केलं. आता पंच म्हणतात की ३१९ प्रमाणे सगळ्यांनी तीन नाणी भरायची, माफी चालणार नाही. आम्ही नियम मोठा केला आणि तो दुबळा झाला?

उत्तर: हो, नेमकं तेच झालं, आणि पंच बरोबर आहेत. १०८ प्रमाणे नियमाची दुरुस्ती झाली की त्याला दुरुस्तीच्या प्रस्तावाचा क्रमांक मिळतो. तुमचा ३०५ आता ३०५ राहिला नाही. दुरुस्तीचा प्रस्ताव ३२२ असेल तर तो ३२२ झाला. आणि २११ सांगतो की दोन बदलत्या नियमांत विरोध आला तर लहान क्रमांकाचा नियम वरचढ. ३०५ असता तर ३१९ ला त्याने रोखलं असतं. ३२२ ला ते जमत नाही.

याचा मला फार त्रास होतो, कारण याचा फटका नेहमी एकाच जागी बसतो. कमजोर खेळाडूला जपणारे नियम वारंवार दुरुस्त होतात. कधी व्याप्ती वाढवायला, कधी पळवाट बुजवायला. दर दुरुस्तीला ते रांगेत मागे जातात. सगळ्यांकडून गोळा करणारा सरळसोट करनियम मात्र कोणी हात न लावल्यामुळे पुढेच उभा राहतो.

उपाय २११ मध्येच आहे. एखाद्या नियमाने स्वतःबद्दल स्पष्ट लिहिलं असेल की आपण अमुक नियमावर वरचढ आहोत, तर क्रमांकाचा हिशोब बाजूला राहतो. म्हणून माफीच्या नियमात एक वाक्य घाला: ‘नाणी भरायला लावणाऱ्या कोणत्याही बदलत्या नियमावर हा नियम वरचढ राहील.’ त्यासाठी पुन्हा दुरुस्ती करावी लागेल, क्रमांक आणखी मोठा होईल, पण आता त्याने फरक पडणार नाही. स्वतंत्र नवा नियम करून हे साधू नका. २०९ प्रमाणे बदलते नियम २५ पेक्षा जास्त असू शकत नाहीत. मूळचे १३ धरले तर नव्यांना बाराच जागा उरतात. नाणी, कर, विमा, बाजार असं एकेक येऊ लागलं की त्या बारा जागा बघता बघता भरतात. आधी आलेल्यांनी आपल्या सोयीचे नियम भरून ठेवले, की नंतरच्याला जागा मिळवण्यासाठी आधी काहीतरी रद्द करावं लागतं. जागेची काटकसर हीसुद्धा मागाहून येणाऱ्यांचा विचार करणंच आहे.

प्रश्न: चालू खेळात नवा खेळाडू आला तर त्याला सुरुवातीला किती द्यावं? आमच्यातले काही म्हणतात शून्य, काही म्हणतात सगळ्यांची सरासरी.

उत्तर: शून्य दिलं तर तो बघ्या होतो. ७० गुणांवर असलेल्यांच्या टेबलावर शून्याने बसणाऱ्याला फक्त फाशाच्या भरवशावर तिथवर पोचायला वीस पाळ्या लागतील. सरासरी ऐकायला उदार वाटते, पण तिच्यात एक भोक आहे. ११३ प्रमाणे कोणीही कधीही खेळ सोडू शकतो. मग सरासरीच्या खाली असलेला कोणीही सोडेल आणि नवा म्हणून पुन्हा आत येईल. सरासरी ४० असेल तर १२ गुणांवरचा माणूस उठून बसल्यावर ४० चा होतो. त्याला दोष देता येणार नाही, नियमच तसा आहे.

मी नव्याला सगळ्यांत मागच्या खेळाडूएवढं देते, गुण आणि नाणी दोन्ही. सोडून परत येण्यात कोणालाच फायदा नाही, आणि नवा माणूस एकटा तळाशी पडत नाही. त्याच्या बरोबरीला कोणीतरी असतं. शिवाय पहिल्या दोन फेऱ्या त्याला २०६ चा दंड माफ असावा. मूळ खेळाडूंना पहिल्या दोन फेऱ्यांत एकमताचं कवच होतं, म्हणजे त्यांच्या मनाविरुद्ध काही होणार नव्हतं. नव्याला ते कवच कधीच मिळालं नाही, म्हणून ही सवलत. याला कोणी उपकार म्हणू नये.

प्रश्न: पंचाच्या निर्णयाने पंचालाच नाणी मिळणार असतील तर काय करावं?

उत्तर: २१२ प्रमाणे ज्याची पाळी चालू आहे त्याच्या आधीचा खेळाडू पंच होतो, आणि त्याचा निर्णय फिरवायला बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, तेही पुढची पाळी सुरू होण्याआधी. नाण्यांचा वाद असला की असं एकमत सहसा होत नाही, कारण दुसऱ्या कोणाचा तरी त्यात फायदा असतोच. म्हणून २१२ मध्ये एवढंच जोडा की निर्णयाने ज्याची शिल्लक किंवा गुण बदलतील त्याने पंच होऊ नये, जागा त्याच्या आधीच्या खेळाडूकडे जावी. सगळ्यांचीच शिल्लक बदलणार असेल तर ज्याची सगळ्यांत कमी बदलते त्याच्याकडे. हेही ध्यानात असू द्या की आजच्या पंचाचा निर्णय उद्याच्या पंचाला बांधत नाही. तोच वाद दुसऱ्यांदा उपटला तर तो पंचावर टाकून मोकळं होऊ नका. ज्याची पुढची पाळी असेल त्याने त्याचं उत्तर नियम म्हणून मांडावं, नाण्यांच्या आकड्यांसह, एका उदाहरणासह.